सिस्टरांचं कोपर

"हे गरम? याला गरम म्हणतोस तू?" सिस्टरांनी बादलीतलं पाणी हातानं ढवळलं. "अरे, मांजरसुद्धा अंग धुऊन जाईल यात!"

गीझरवाला स्टुलावर उभा होता. त्याची ही तिसरी खेप. पहिल्या खेपेला त्यानं कॉइल बदलली, दुसऱ्या खेपेला थर्मोस्टॅट, आणि आज तर तापमानाचा खटका पार शेवटाला नेऊन ठेवला होता. बाथरूमच्या आरशात काही म्हणजे काही दिसत नव्हतं.

"सिस्टर, वाफ बघा ना जरा."

"उगाच तोंडाची वाफ दवडू नकोस. तुझी पहिली आंघोळ माझ्या हातची आहे. मला पाणी शिकवतोस?"

जन्मल्या दिवशी जिनं आपल्याला धुऊन पुसून काढलं, तिच्याशी वाद घालायचा तरी कसा? त्यानं खटका पुन्हा एकदा तपासला.

सिस्टरांचा अख्खा जन्म प्रसूतिगृहात गेला. निवृत्त होऊन वर्षं झाली, तरी शेजारपाजारचे अजून त्यांना सिस्टरच म्हणत. डॉक्टरांनी बाळ सोडवायचं आणि न्हाऊ घालायचं सिस्टरांनी, असा तिथला रिवाजच होता. पाणी बघायला थर्मामीटर त्यांनी कधी वापरला नाही. बाही वर करून कोपर बुडवायचं. "हात कामानं निबर होतात गं. कोपर खोटं बोलत नाही," असं त्या प्रत्येक नव्या नर्सला बजावत. पण कोपराचा मान बाळाच्या पाण्याला. गीझरची परीक्षा घ्यायला हात पुरे!

सगळ्या जगाची पोरं न्हाऊ घातली, पण स्वतःच्या मुलाची पहिली आंघोळ काही त्यांच्या वाट्याला आली नाही. त्या दिवशी त्या स्वतःच खाटेवर होत्या, आणि दुसऱ्याच सिस्टरनं त्याला धुऊन आणलं. ती रुखरुख मनात होतीच. उद्या सून नात घेऊन घरी येणार होती. बाळाची घरातली पहिली आंघोळ मीच घालणार, असं त्यांनी सुनेला पोटात बाळ असतानाच सांगून ठेवलं होतं. आणि नेमका आताच हा गीझर रुसावा!

"आई, सकाळी पाठ भाजली माझी," मुलगा दारातून म्हणाला. "उकळतंय पाणी."

"तू पहिल्यापासूनच नाजूक."

तोंडानं म्हणाल्या खऱ्या, पण डोकं काही चालेना. हा म्हणतो गरम, तो म्हणतो उकळतंय. मग मलाच हे माठातलं पाणी का लागतंय? दोघं मिळून माझी थट्टा करतायत की काय?

"नवाच बसव," त्या म्हणाल्या. "हा दे भंगारात."

"नवासुद्धा एवढंच तापवेल, सिस्टर. याच्यापुढे मग चहाच करायचा." गीझरवाला खाली उतरला आणि त्यानं बादलीत बोट घातलं मात्र, "आई गं!" करून ते तोंडात घातलं.

"नाटकं!" सिस्टर हसल्या. मग त्यांचं लक्ष स्वतःच्या हाताकडे गेलं. मनगटापर्यंत लालबुंद झाला होता. दुखत मात्र काहीच नव्हतं.

हसू जागच्या जागी विरलं. त्या खाली बसल्या. बाही वर केली आणि कोपर पाण्याला टेकवलं. चटकन मागे ओढलं, तसा बादलीच्या काठावरचा मग धक्का लागून कोपऱ्यात गडगडत गेला.

हात म्हणत होता कोमट, कोपर म्हणत होतं आग. साक्षीदार दोन्ही आपलेच, आता खरं कुणाचं मानायचं?

परवा चहाचा कप हातातून निसटला होता. दुधाचं पातेलं फडक्याशिवाय उचललं म्हणून मुलगा ओरडला होता. नातीचं झबलं शिवताना सुई बोटात गेली, ती कळली ती झबल्यावर रक्त दिसलं तेव्हा. रक्तात साखर वर्षानुवर्षं होती. साखरेनं हातापायांची जाणीव जाते, जपा, हे त्यांनी किती बायकांना बजावलं असेल! लोका सांगे ब्रह्मज्ञान, दुसरं काय?

गीझरवाल्यानं न बोलता गार पाण्याचा नळ सोडला. "हात धरा याच्याखाली." त्यांनी धरला. ते पाणीही गार लागलं नाही.

"खटका खाली आण," त्या म्हणाल्या. "होता तिथं. गीझर चांगला आहे तुझा."

दुसऱ्या दिवशी सून बाळाला घेऊन आली. सिस्टरांच्या हातावरची पट्टी बघून म्हणाली, "आई, भाजलं तुम्हाला? आज राहू दे मग. हात बरा झाला की तुम्हीच घाला."

थाप आयती चालून आली होती. नुसतं हो म्हणायचं, की झालं. सिस्टरांनी दुपट्यातलं बाळ घेतलं, चांगल्या हातानं त्याची मान सावरली आणि डोळे मिटून पाहिले. मान कुठे आहे आणि आपली बोटं कुठे आहेत, काही उमगेना. घाबरून त्यांनी डोळे उघडले. बाळ होतं जागेवर.

"पट्टीचं काही नाही गं," त्या म्हणाल्या. "मला बाळ हाताला लागतच नाही. ओलं झालं की निसटेल. न्हाऊ तू घाल."

"मी? मला नाही येत हो, आई! भीती वाटते मला."

"आईच्या पोटातून कोण शिकून येतं? बस. डावा हात मानेखाली. बोटं काखेत. अशी नाही, घट्ट. हं."

मुलानं टब भरला. सून बाळाला धरून पाण्याकडे बघत राहिली. सिस्टर शेजारी जमिनीवर बसल्या, बाही वर केली आणि कोपर पाण्यात बुडवलं.

"अजून एक मग गार."

मुलानं ओतलं. त्यांनी पुन्हा कोपर बुडवलं आणि या वेळी जरा जास्तच वेळ ठेवलं.

"आता सोड पाण्यात," त्या सुनेला म्हणाल्या.

बाळ एकदा किंचाळलं आणि मग पाण्यात हातपाय हलवत गप्प झालं. सिस्टरांनी दोन्ही हात मांडीवर ठेवले होते. कोपरावरून पाणी ठिबकत होतं. सुनेनं टॉवेल पुढे केला, तर त्या म्हणाल्या, "राहू दे ओलं. अजून एकदा बघावं लागेल."