दहा झोके

आमूला दुपारी झोपवायचं कसं, हा प्रश्न जालिंदरच्या घरात आठवडाभर चालला होता, आणि सोमवारच्या आत तो सुटला नाही तर घर रिकामं होणार होतं.

आमू म्हणजे आम्रपाली, त्याच्या लेकीची, राजश्रीची, आठ महिन्यांची मुलगी. राजश्री बीडच्या एका कॉलेजात अकरावी-बारावीला फिजिक्स शिकवायची. तिची रजा संपली होती. सोमवारी हजर व्हा, नाही तर जागा भरावी लागेल, असा निरोप आला होता. नवरा जीवन पुण्याला कंपनीत. त्याचं म्हणणं होतं, नोकरी सोड, इकडं ये, पोरीला पाळणाघरात ठेवू. तो काही वाईट माणूस नव्हता. पण ती गेली की बीडजवळच्या पाली गावातल्या या दोन खोल्यांत जालिंदर एकटाच उरणार होता. एसटीची ड्रायव्हरकी करून तो रिटायर झाला होता आणि त्याची बायको पारूबाई जाऊन तीन महिने झाले होते.

"मी सांभाळतो पोरीला. तू बिनघोर जा," असं तो लेकीला म्हणाला होता खरा. बाटली पाजणं, लंगोट बदलणं, धरणाकडच्या रस्त्यानं फिरवून आणणं, सगळं त्याला जमत होतं. झोपवणं तेवढं जमत नव्हतं.

आणि हीच पोरगी पारूबाईपाशी कशी झोपायची! जुन्या माळवदाच्या, मातीच्या छताच्या घरात तुळईला लुगड्याची झोळी बांधलेली असायची. पारूबाई खाली बसून डाळ नाही तर तांदूळ निवडायची, झोळीची दोरी पायाच्या अंगठ्यात. सूप रिकामं व्हायच्या आत पोरगी गाढ. पारूबाई गेली आणि महिन्याभरात ते माळवद पाडलं. शेजारी स्लॅबचं नवं घर बांधून तयार होतं, आणि जुन्यानं पुढचा पावसाळा काढला नसता. पारूबाईला नव्या घरात एक दिवसही राहायला मिळालं नाही. नव्या घरात स्लॅबला कडी होती, तिला झोळी टांगली. आमू तिच्यात थोडा वेळ गप पडायची, मग पाय झाडायची, मग भोकाड. आईच्या खांद्यावर मात्र ती लगेच झोपायची, आणि आई तर कॉलेजला जाणार.

"लुगडं नवं हाय म्हणून," जालिंदर म्हणाला. "तिला आजीचा वास पाहिजे." त्यानं पेटीतून पारूबाईचं जुनं हिरवं लुगडं काढलं. घडी मोडताना त्याचे हात जरा थांबले, पण मोडली.

"बांधा," राजश्री म्हणाली, "पण आज दुसरं काही बदलायचं नाही. वेळ तीच, दूध तेवढंच. नाही तर कशानं झोपली ते कळणार नाही."

आमू झोपली नाही.

दुसऱ्या दिवशी शेजारची भिवराबाई आली. पारूबाईची ती मैत्रीण, म्हणून जालिंदरला दाजी म्हणायची. तिनं पोरीकडे बघून निकाल दिला, "दिष्ट लागली. मीठ-मोहऱ्या उतरून टाका."

"आमी न्हाई मानत ते," जालिंदर म्हणाला.

"तुमी नका मानू. पोरगी मानती का न्हाई ते बघा."

राजश्री हसली. "उतरून टाका मावशी. पण लुगडं आज परत नवं लावते. एका वेळी एकच."

"ही काय मास्तरीण हाय गं! दिष्ट काढायला बी हिचा कायदा!"

मीठ-मोहऱ्या चुलीत तडतडल्या. आमू त्या आवाजानं खूश झाली आणि तासभर जागीच राहिली.

तिसऱ्या दिवशी जालिंदरनं भीमाचा पाळणा म्हणून बघितला. आयुष्यभर गाडीच्या आवाजावर आवाज काढून बोललेला गळा तो. दुसऱ्या ओळीलाच पोरीनं असा सूर लावला की राजश्री पदर तोंडाला लावून आत पळाली. "अप्पा, हे आता परत नको," ती आतून म्हणाली.

शुक्रवारी दुपारी मात्र राजश्री हसत नव्हती. जीवनचा फोन येऊन गेला होता. ती भिंतीला टेकून बसली होती आणि जालिंदर झोळी हलवत होता. बराच वेळ ती झोळीकडेच बघत राहिली.

"अप्पा, ही झोळी लई सावकाश जाती हो."

"मग जोरात वढतो."

"ओढून बघा."

त्यानं दोरीला हिसका दिला. झोळी लांब गेली, भिंतीला लागता लागता राहिली, पण परत यायला तिला तेवढाच वेळ लागला. त्यानं आणखी दोनदा करून बघितलं. ओढणं त्याच्या हातात होतं, परत येणं नव्हतं.

"कावून असं?"

"दोरी लांब हाय म्हणून. माळवद खाली होतं, हा स्लॅब दहा फुटांवर. लांब दोरीचा झोका सावकाश, आखूड दोरीचा भरभर. आईच्या झोळीचा झोका वेगळा असणार, आणि आमूला त्याचीच सवय."

जालिंदरला ते पटलं नाही. "पोरगी जड झाली तीन महिन्यांत. त्यानं बी होईल."

"वजनानं नाही होत."

"तू म्हणतीस म्हणून?"

राजश्रीनं त्याच्याकडे बघितलं आणि उठली. आता ती खुशीत आली होती, वर्गात कुणी अडवणारा प्रश्न विचारला की येते तशी. "माझ्या म्हणण्यावर नका जाऊ. मोजा." आधी आमूला झोळीत ठेवून दहा झोक्यांना लागणारा वेळ मोबाईलवर घेतला. साडेएकतीस सेकंद. मग आमूला कडेवर घेतलं आणि झोळीत तिच्या निम्म्या वजनाची जवारीची पिशवी ठेवली. जालिंदरनं झोका दिला. तेवढ्यात भिवराबाई दारात.

"अगं बाई! पोरगी झोपंना म्हणून जवारीला झोपवायलाव का, दाजी?"

"गप बस की जरा. मोजायलाव."

"झोपली की सांगा. माझ्याकडं बाजरी जागी हाय अजून."

जवारीलाही साडेएकतीसच लागले. जालिंदरनं पुन्हा एकदा करून बघितलं आणि मग पिशवी काढून ठेवली. "बरं. वजन न्हाई."

"आता जुनी झोळी किती लांब होती ते कळलं पाहिजे."

पण ते कोण सांगणार? तुळया विकल्या होत्या, भिंतींची माती खड्ड्यात गेली होती. जालिंदरनं छातीपाशी हात धरला, मग खांद्यापाशी, मग सोडून दिला. त्या झोळीजवळून तो हजारदा गेला असेल, पण तिची दोरी किती लांब होती ते त्याला सांगता येईना. हे त्याच्या मनाला लागलं.

राजश्रीनं फोन हातात घेतला. मग खाली बघत म्हणाली, "आईचा व्हिडिओ हाय."

तो व्हिडिओ तिनं जीवनला पाठवायला काढला होता. पारूबाई झोळी हलवतेय, एवढाच. आई गेल्यावर एकदा तिनं तो लावला तेव्हा जालिंदर चपला घालून बाहेर पडला होता आणि दिवस मावळल्यावरच धरणावरून परत आला होता. त्यानंतर तो घरात कधी लागला नव्हता.

"त्यात झोळीचे झोके दिसतात. दहा झोक्यांना किती वेळ लागतो ते मोजलं की लांबी काढता येती. दोरी मोजायची गरज नाही." मग ती घाईनं म्हणाली, "तुमी बाहेर जा वाटल्यास. मी मोजते."

"तुझ्या फोनवर व्हिडिओ लावलास तर घड्याळ कशावर बघशील?"

"तुमचं मनगटावरचं द्या."

"आणि झोके कोण मोजंल?"

राजश्रीनं आमूकडे बघितलं. आमू तिच्या मांडीवर पदराचं टोक चोखत होती. जालिंदरनं मनगटावरचं घड्याळ काढून लेकीच्या हातात दिलं. "तू घड्याळ धर," तो म्हणाला. "मी मोजतो."

त्यानं लेकीचा फोन हातात घेऊन उजेडाकडून वळवला. राजश्रीनं बोट लावलं आणि पारूबाई समोर आली. मांडीवर सूप, अंगठ्यात दोरी, डोक्यावरचा पदर मागं घसरलेला. "कावून काढायलीस गं माझा फोटो? केस बी विंचरले न्हाईत," ती म्हणाली आणि परत तुरीच्या डाळीत बघू लागली. मागं तुळई कुरकुरत होती. झोळी येत होती, जात होती.

"मोजा, अप्पा."

"एक," तो म्हणाला. "दोन... तीन..." तो दहापर्यंत आला.

"बावीस," राजश्री म्हणाली आणि मग तिच्या लक्षात आलं. "तुमी सुरुवातीलाच एक म्हणालात का?"

"मग काय म्हणायचं?"

"शून्य. झोका जाऊन परत आला की एक. तुमचे नऊच झाले. माझी निम्मी पोरं हीच चूक करतात."

"मग परत घ्यावं लागंल."

"घ्यावं लागंल."

पुन्हा लावला. केस बी विंचरले न्हाईत. शून्य, एक, दोन. या वेळी चोवीस आणि वर जरासं. दहा झाल्यावर राजश्री बंद करायला गेली, तर त्यानं तिचा हात धरला. व्हिडिओ पुढं चालला. पारूबाईनं मान वर केली, पण कॅमेऱ्याकडे नाही, बाजूला. "आवं," ती म्हणाली, "पंखा बारीक करा की. लेकराला वारा लागायलाय." आणि कडेनं एक हात भिंतीवरच्या बटणाकडे गेला. खाकी बाही, मनगटावर हेच घड्याळ. हात पंखा बारीक करून निघून गेला, आणि व्हिडिओ संपला.

जालिंदरला ती दुपार आठवत नव्हती. पंखा बारीक केलेला आठवत नव्हता. पण केला होता. तिनं सांगितलं आणि त्यानं लगेच केला होता, मागंपुढं न बघता. त्यानं डोळे पुसले आणि म्हणाला, "किती आलं?"

"साडेचोवीसच्या आसपास. एकावर भागत नाही. तीन तरी घ्यावे लागतात, मग त्यांची सरासरी."

तीन घेतले. थोडं इकडं, थोडं तिकडं, पण साडेचोवीसला धरून. राजश्रीनं फोनवर आकडेमोड केली. दीड मीटर. पाच फुटांना बोटभर कमी.

"झालं का मग?" जालिंदरनं विचारलं. फोन अजून त्याच्याच हातात होता.

राजश्रीनं त्याच्याकडे बघितलं. घड्याळ तिनं परत दिलं नाही. "लॅबमधी कधी कधी पाच बी घेतो आमी," ती म्हणाली.

"मग पाच घे."

पाच झाले. मग जालिंदर म्हणाला, मघाशी एकदा आमू मधी आली होती, ते धरू नये. ते खरं होतं. म्हणून आणखी एक घेतलं. आमू फोनमधल्या आवाजाकडे मान वळवून बघत होती. सहावं संपल्यावर त्यानं स्वतःच फोन खाली ठेवला.

आता अडचण वेगळी. स्लॅबच्या कडीपासून दीड मीटरवर झोळी बांधली तर ती छातीएवढ्या उंचीवर येत होती. पोरगी तिथून पडली तर? कडीच खाली यायला हवी होती. जालिंदर दोन्ही खोल्यांत वर बघत फिरला. शेवटी मधल्या दारात थांबला. दाराच्या चौकटीवर झरोका होता, त्याला जाड लोखंडी गज. टेप लावला तर सात फूट.

"इथं," तो म्हणाला. "झोका एकदा त्या खोलीत, एकदा या खोलीत."

"आणि आपण जायचं कुठून?"

"मागच्या दारानं फिरून. तू काय राजवाड्यात राहायलीस?"

शनिवारी सकाळी त्यानं गजाला स्वतः लोंबकळून बघितलं. मग झोळी बांधली. लुगडं नवंच ठेवलं, कारण राजश्रीचा नियम. दुपारी आमूला आत ठेवलं, दोरी हातात घेऊन तो उंबऱ्याशी बसला. तो गायला नाही. झोळी आता लवकर परत येत होती, त्याचा हातही तिच्याबरोबर लवकर परत येत होता. आमू झरोक्याच्या उजेडाकडे बघत पडली. मग तिची मूठ सैल झाली. मग तिनं मोठा श्वास सोडला.

राजश्री पलीकडच्या खोलीत उभी होती. त्यांच्या मधे झोळी जात-येत होती.

"झोपली," तो नुसत्या ओठांनी म्हणाला.

ती मागच्या दारानं फिरून आली आणि त्याच्याजवळ बसली. "एकदा झोपली म्हणजे सिद्ध झालं असं नाही, अप्पा. दमली बी असंल." पण तिचा चेहरा तसं म्हणत नव्हता.

रविवारी आमू झोपली, पण उशिरा, रडून. रात्री जीवनचा फोन आला तेव्हा राजश्री अंगणात जाऊन बराच वेळ बोलली. जालिंदरनं कान दिला नाही. सोमवारी सकाळी ती साडीला पिना लावत होती, तेवढ्यावरून त्याला कळलं.

दुपारी तिचा फोन आला. मागं पोरांचा गलका होता. "अप्पा, झोपली का?"

जालिंदर उंबऱ्यावर होता. एका हातात दोरी, दुसऱ्या हातात फोन. झोळीत आमू तोंड उघडं टाकून झोपली होती.

"झोपली," तो हळू म्हणाला. "पण एका दिवसावर काय ठरत न्हाई. तू उद्या बी जा."