एकाच डब्यातला रंग

औषधांच्या दुकानदाराने तिला धड सांगितलं होतं, "गाजरात बीटा कॅरोटीन असतं, मावशी. अँटिऑक्सिडंट म्हणतात. फायदा होत असेलही, पण औषध समजू नका." आता बोला! बाईने 'फायदा' तेवढा ऐकला आणि 'पण' दुकानातच सोडून घरी आली.

तिचा नवरा रंगारी. जन्मभर लोकांच्या भिंती रंगवल्या आणि रक्ताच्या आजाराने स्वतःच पांढराफटक पडला. डॉक्टरांनी हात टेकले, घरी न्या म्हणाले. पण ही कसली हात टेकतेय! रोज सकाळी ढीगभर गाजरं किसायची, फडक्यात पिळायची आणि ग्लास त्याच्या नाकासमोर धरायची.

"अगं, मी काय ससा आहे?"

"ससा परवडला, मुकाट्याने खातो तरी. प्या!"

तो तोंड वाकडं करून अर्धा ग्लास प्यायचा. उरलेला टाकवत नाही म्हणून ती प्यायची.

काही आठवड्यांनी त्याच्या तळहातांवर केशरी झाक आली. तिला आभाळ ठेंगणं झालं. "अहो, रंग चढतोय तुम्हाला!" म्हणत तिने शेजारणीला हाका मारून बोलावलं. त्याने हात उलटसुलट करून पाहिले. "छान बसलाय," म्हणाला. त्या दिवसापासून त्याची कुरकुर बंद झाली.

पुढे त्याचं जेवण सुटलं, मग उठणंही. ती मात्र त्याचे हातच बघत राहिली.

एका दुपारी खिडकीपाशी ती त्याची नखं कापत होती. उन्हात तिचा हात त्याच्या हाताला लागून आला. तीच केशरी झाक! हिला तर काहीच झालं नव्हतं, चांगली धडधाकट होती. बरं होण्याचा रंग नव्हताच तो, नुसता गाजराचा होता. तिने झटकन हात चादरीखाली घातले.

"लपवतेस कशाला?" तो म्हणाला. "एकाच डब्यातला आहे. मला पहिल्याच दिवशी कळलं. रंगारी आहे मी, काय समजलीस!"

"मग पीत का राहिलात हो?" तिला रडू आवरेना.

"शेजारणीला हाका मारत होतीस ना, तेव्हा किती दिवसांनी हसलीस."

तिने हात चादरीखालून बाहेर काढले.

"आण आजचा ग्लास," तो म्हणाला.

तिने आणला. त्याच्या घशाखाली दोनच चमचे उतरले. उरलेला सगळा ती प्यायली.