डॉमनिकच्या वाट्याचा तुकडा

वैशाखातली सकाळ होती. तुंगारचा डोंगर तांब्याच्या हंड्यासारखा तापला होता, आणि त्याच्या पायथ्याशी करवंदांच्या जाळ्या काळ्याभोर फळांनी वाकल्या होत्या. काटेरी फांदीवरची, दुधाळ देठाची, रक्तगर्भ फळं. वरून रात्र, आतून पहाट. इकडे वसईच्या वाडीत पाटाचं पाणी केळींच्या सावल्यांतून सरकत होतं, पानांमधून ऊन हिरवं होऊन गळत होतं, आणि त्या हिरव्या उजेडात बाल्तझार डाबरे घडांना बांबूचे टेकू देत उभा होता.

त्या उजेडात कुणीतरी हाक मारली. हाक कुंपणापर्यंत आली आणि थांबली. पुढचं बोलायला हाक मारणाऱ्याला धीर झाला नाही. बाल्तझारने हातातला बांबू खाली ठेवला. त्याची बायको फिलोमेना गेली, हे त्याला शब्दांनी कळलं नाही. ते त्या थांबण्याने कळलं.

ती पहाटेच करवंदं आणायला गेली होती. घरी केक करून द्यायचा तिचा लहानसा धंदा होता, आणि तिचा चीजकेक सगळ्या वाडीत नावाजलेला. चीज ती विकतचं घ्यायची नाही. दही फडक्यात टांगून चक्का करायची, त्यात साय घालायची, वर ऋतूतलं फळ रचायची. त्या दिवशीचा केक खाणवाल्या डॉमनिक लोपीसच्या आईच्या वाढदिवसाचा होता. आणि परतीच्या वाटेवर जो डंपर आला, तो डॉमनिक लोपीसचाच होता.

डांबर तापलेलं. टोपली उपडी. काळ्या रस्त्यावर काळी फळं, आणि जिथे जिथे ती फुटली होती तिथे तिथे लाल. खडीने भरलेला डंपर बाजूला उभा, त्यातून अजून बारीक कच गळत होती. लोक फिलोमेनाला चादर घालत होते. बाल्तझार गुडघ्यांवर बसला आणि एकेक करवंद वेचू लागला. लोकांना वाटलं, याचं डोकं फिरलं. पण डोकं फिरलं नव्हतं. तिने काट्यांतून हात घालून तोडलेली फळं कुणाच्या टायरखाली जाऊ नयेत, एवढंच त्याला त्या वेळी सुचलं.

टोपलीत अडकून राहिलेली त्याने एका डब्यात भरली. रस्त्यावरून वेचलेली दुसऱ्या डब्यात. दोन्ही डबे फ्रीजच्या बर्फाच्या कप्प्यात गेले. फिलोमेना तिथेच फळं राखून ठेवायची.

शवपेटीला डॉमनिकने खांदा दिला. पांढरा सदरा, काळी फीत, डोळ्यांत पाणी. कबरस्तानात माती पडून झाल्यावर त्याने बाल्तझारचे दोन्ही हात हातांत घेतले आणि म्हणाला, "देवाची मर्जी, बाल्तूभाऊ. आपल्या हातात काय असतं?"

ते वाक्य बाल्तझारच्या घशात बोय माशाच्या काट्यासारखं अडकलं. पाण्याने उतरेना, भाताने उतरेना, प्रार्थनेने उतरेना.

कारण देवाची मर्जी नव्हती. डंपर चालवणारा राघ्या वरठा पोलीस ठाण्याच्या व्हरांड्यात बसला होता, बेड्या घातलेल्या हातांनी तोंड झाकून. बाल्तझारला पाहून तो हळूच बोलला होता. "काका, शेठला आदल्या दिवशीच सांगितलं होतं. पाय ठेवला की पेडल तळाला जातं, गाडी थांबत नाही. शेठ बोलला, एवढी खेप टाक, मग बघू." एवढं बोलला आणि आतून कुणाचा तरी आवाज येताच गप्प झाला. पुढे जबाबात राघ्याने सगळं स्वतःच्या अंगावर घेतलं. त्याची बायको डॉमनिकच्या खाणीवर कामाला होती.

राघ्या आत गेला. डॉमनिक दर रविवारी चर्चमध्ये पहिल्या बाकावर बसत राहिला.

दिवस सरत गेले. काही केळी निसवून नवे घड आले, काहींचे उतरले. बाल्तझारच्या आत मात्र एकच फळ पिकत होतं. काळं, कडवट, देठाशी चीक साचलेलं.

कोठीत केळीवर मारायच्या औषधाची बाटली होती. एकदा संध्याकाळी तो तिच्यासमोर बराच वेळ उभा राहिला. मग त्याने कोठीचं दार लावून घेतलं. मेलेला माणूस बोलत नाही. त्याला डॉमनिक बोलताना हवा होता.

आणि फिलोमेनाच्या महिन्याचा मिस्सा, चर्चमधली तिच्यासाठीची प्रार्थना, जवळ आला. त्यांच्याकडची रीत अशी, की महिन्याच्या मिस्सानंतर लोक त्या घरी येतात, क्रुसासमोर माळ धरून रोझरी म्हणतात, आणि घरचं काहीतरी खाऊन उठतात. दुःखाच्या घरची बशी कुणी नाकारत नाही, आणि बशीत काही टाकून उठत नाही. टाकलं, तर त्या घराशी वैर धरलं असा अर्थ होतो. बाकी रीतीभाती विसरले असतील लोक, ही नाही.

"चणे उकडू का?" मेव्हणी अँजेलिनने विचारलं.

"केक करतो," बाल्तझार म्हणाला.

अँजेलिनने त्याच्याकडे पाहिलं. आयुष्यात त्याने चहासुद्धा कधी धड केला नव्हता. "कसला केक?"

"ती करायची तो. डॉमनिकच्या घरचा राहिलाय ना."

आदल्या दिवशी त्याने दही टांगलं. पांढऱ्या मलमलीच्या फडक्यात पांढरं दही, वाशाच्या खिळ्याला बांधलेलं, खाली पितळी पातेलं. टप्. मग बराच वेळ काही नाही. मग पुन्हा टप्. पिवळसर, आंबूस, निथळतं पाणी. सगळ्या घरात तेवढाच आवाज होता, आणि तो ऐकत बाल्तझार उंबऱ्यावर बसून होता. माणसातूनही असंच सगळं निथळून जातं, पाणी जातं, पातळपणा जातो, आणि मागे जे घट्ट राहतं ते आंबट असतं.

सकाळी चक्का लोण्यासारखा झाला होता. त्याने बिस्किटं लाटण्याने कुटली, विरघळलेल्या लोण्यात कालवली, डब्याच्या तळाशी दाबून बसवली. दाबताना तळहात लाल झाला तरी तो दाबत राहिला. चक्क्यात साखर, साय, अंडी. अँजेलिन सांगत होती, तो करत होता. पांढऱ्यात पिवळं, पिवळ्यात पांढरं, मग सगळं मिळून जुन्या हस्तिदंताचा एकच मऊ रंग. फिलोमेनाचा लाकडी डाव त्याच्या मुठीत होता. त्या डावाला तिच्या अंगठ्याची जागा पडली होती. त्याचा अंगठा तिथे मावत नव्हता.

ओव्हनची काच आतून उजळली. खाली पाण्याचा तवा, वर तो डबा. घर गोड वासाने भरलं, आणि त्या वासाने त्याला एवढा राग आला की तो परसात जाऊन उभा राहिला. हा वास यायचा तेव्हा ती गुणगुणायची. वास आला होता. गुणगुणणं आलं नव्हतं.

"भावजी, काढा आता," अँजेलिन म्हणाली.

"मधे हलतंय अजून."

"हलतंय म्हणूनच काढायचा. बाहेर आल्यावर तो आपला आपण बसतो. ताई तशीच काढायची."

"हलतंय म्हणजे कच्चं आहे."

"तुमच्या केळीचा घड आहे का हा?"

पण बाल्तझारला तेवढंच माहीत होतं. जन्मभर त्याने फळ अंगठ्याने दाबून ओळखलं होतं. थरथरणाऱ्या गोष्टीवर त्याचा विश्वास नव्हता. त्याने केक आणखी ठेवला, आणखी ठेवला, मग दार उघडून मधोमध अंगठा टेकवला. केक घट्ट लागला. त्याला समाधान वाटलं. आणि गार होता होता त्या अंगठ्याच्या खड्ड्यापासून एक भेग निघाली, तापलेल्या शेतातल्या भेगेसारखी, आणि काठापर्यंत गेली.

"वाट लावलीत," अँजेलिन म्हणाली. मग त्याचा चेहरा पाहून हळू आवाजात म्हणाली, "फळांनी झाकेल. ताईपण झाकायची कधीकधी."

त्याने डबे काढले. टोपलीतली करवंदं त्याने धुतली, साखरेत शिजवली. रस उतरला, आटला, चकाकला. गर्द, जांभळट, माणकासारखा. ती त्याने सगळ्या केकवर पसरली, फक्त भेगेच्या बाजूची एक फाक मोकळी ठेवली. मग दुसरा डबा उघडला. ती करवंदं त्याने धुतली नाहीत. नुसती गरम केली, थोडी साखर घातली, आणि चमच्याने त्या फाकेवर रचली. शेजारच्या फळांत आणि त्यांत फरक दिसत नव्हता.

"ती वेगळी का?" अँजेलिनने विचारलं.

"ती डॉमनिकची."

"त्याला शुगर आहे."

"असू दे."

तिने त्या डब्याकडे पाहिलं. डब्याच्या तळाशी काळी बारीक कच चमकत होती. मग ती उठली. हात धुऊन बश्या पुसायला बसली.

उतरत्या उन्हात रोझरी झाली. मेणबत्तीची ज्योत उजेडात दिसत नव्हती, फक्त तिच्याभोवतीची हवा थरथरत होती. 'आम्ही आमच्या अपराध्यांना क्षमा करतो तशी' या शब्दांशी सगळ्यांचे ओठ हलले. बाल्तझारचे हलले नाहीत. मग बश्या फिरल्या. डॉमनिकची बशी त्याने स्वतःच्या हाताने नेली.

"शुगर आहे रे मला, बाल्तूभाऊ."

कोपऱ्यातून म्हातारा कामिल बोलला, "शुगर लग्नाच्या मांडवात कुठे जाते रे तुझी? तिथे तर बुंदीचं पातेलं मांडीवर घेऊन बसतोस."

दोघंचौघं हसले. डॉमनिकही हसला. हसत हसत त्याने बशी घेतली, कारण न घेऊन चालणार नव्हतं. चमच्याने टोकाचा लचका तोडला. पांढरं, लाल, काळं. तोंडात घातलं.

कच्.

आवाज लहानसा होता. दाताखाली खडा आल्याचा. डॉमनिकने जिभेने तो पुढे आणला, बोटाच्या टोकावर घेतला. मोहरीएवढा काळा कण, एका अंगाने डांबर लागलेला. तो माणूस जन्मभर खडीत वावरला होता. त्याने कण उजेडात धरला. त्याची मान हळूहळू वर आली.

बाल्तझार समोरच्या खुर्चीवर बसला होता, हात गुडघ्यांवर ठेवून.

"रस्त्यावरची आहेत," तो म्हणाला. आवाज चढवला नाही, पण खोलीत सगळ्यांना ऐकू गेलं. "तुझ्या आईच्या केकसाठी आणत होती. मी वेचून ठेवली. खा."

चमचे थांबले. मेणबत्तीची हवा थांबली.

"राघ्याने तुला आदल्या दिवशी सांगितलं होतं. ब्रेक लागत नाहीत म्हणून. तू बोललास, एवढी खेप टाक. बोललास ना?"

डॉमनिकचं तोंड उघडलं. त्याच्या ओठांवर करवंदाचा रस होता, लाल, ताजा. काहीतरी येणार असं वाटलं. बाल्तझार पुढे झुकला. महिनाभर तो याच एका वाक्यासाठी जगला होता.

वाक्य आलं नाही. डॉमनिकने मान खाली घातली आणि चमचा उचलला.

तो खात राहिला. कच्. दुसरा घास. कच्. कपाळावर घाम आला, घामाचा थेंब बशीत पडला, तो त्याने घासाबरोबर खाल्ला. कुणी उठलं नाही. सगळ्यांच्या हातांत बश्या होत्या, आणि दुःखाच्या घरची बशी टाकून उठता येत नव्हतं. सगळे खात होते, खालमानेने, गोड लागत असूनही गोड न लागणारं, आणि त्या शांततेत एकाच माणसाच्या दातांचा आवाज येत होता. आपल्या खाणीचा दगड तो माणूस आपल्याच दातांनी फोडत होता.

बाल्तझारने शेवटपर्यंत पाहिलं. त्याला वाटलं होतं, हे पाहून आत काहीतरी थंड होईल. पिकलेलं फळ देठापासून सुटतं तसं सुटेल. सुटलं नाही. उलट भूक लागल्यासारखी वाटली.

बशी रिकामी झाली. डॉमनिकने ती दोन्ही हातांनी खाली ठेवली. उठला. क्रुसासमोर गुडघा टेकला.

"भाऊ," तो म्हणाला. फक्त एवढंच.

"हे पोलिसांसमोर बोल," बाल्तझार म्हणाला.

डॉमनिक दाराकडे वळला. मिस्साला आलेल्या माणसाला कुणीतरी फाटकापर्यंत सोडायला जातं. कुणी गेलं नाही. म्हाताऱ्या कामिलने काठी उचलली, आणि ती मांडीवर आडवी ठेवून तो बसून राहिला. अँजेलिनने दारातल्या बायकांना सरकून वाट करून द्यायला सांगितलं, तेवढंच.

केळींच्या रांगांमधून डॉमनिकचा पांढरा सदरा जात राहिला. मावळतीचं ऊन त्याच्या पाठीवर तांबडं पडलं, पानामागे विझलं, पुन्हा पडलं, पुन्हा विझलं. पांढरा, तांबडा, काळा. तांबडा, काळा. मग काळाच.

राघ्या अजून आत आहे. ब्रेक नव्हते हे डॉमनिकने अजून कुठेही सांगितलेलं नाही.