सव्वाचारचा तास

यादी गुरुवारी लागली. ‘आहार आणि आरोग्य’ला त्र्याऐंशी मुलं, ‘आपल्या भागाचा इतिहास’ला अकरा. पहिला गृहशास्त्राचा, म्हणजे माझ्या बायकोचा, दुसरा माझा.

विज्ञान शाखेच्या प्रत्येकाने पहिल्या वर्षाला दुसऱ्या शाखेचा एक विषय घेतलाच पाहिजे, असा नवा नियम आल्यापासून आमच्या उदगीरच्या कॉलेजात दरसाल मास्तरांचा बाजार भरतो. कुणाकडे गर्दी, कुणाकडे माश्या, हे फलकावर सगळ्या गावाला दिसतं. मी अकरा वर्षं तासिका तत्त्वावर इतिहास शिकवतोय. बी.ए.ला आता इतिहास कुणी घेत नाही, त्यामुळे माझी नेमणूक या एकाच विषयावर लटकलेली. प्राचार्य किशनरावांनी स्वच्छच सांगितलं, “मृत्युंजय सर, विषय बदलून घ्यायला पोरांना पुढच्या बुधवारपर्यंत मुदत हाय. वीस झाले तर विषय चालेल. न्हाईतर यंदा तुम्हाला घरीच बसावं लागतंय.”

आणि माझी बायको, शिवगंगा? तिला इथे नोकरीला लागून तीन वर्षं झाली. तिचा अर्ज मी लिहिला होता. लग्नानंतर “पुढं शीक” म्हणून मागे लागलो तोही मीच. प्राध्यापकीची सेट परीक्षा मला चौथ्या खेपेला सुटली, तिला पहिल्याच. तेव्हा मी गल्लीभर पेढे वाटले आणि घरी येऊन डोकं दुखतंय म्हणून झोपलो.

तिच्या वर्गात काय चालतं ते मला ठाऊक होतं. पोरं आपापले डबे उघडून बसतात. कुणाची ज्वारीची भाकरी, कुणाची शेंगदाण्याची चटणी, कुणाची नुसती खिचडी. मग बाई विचारणार, यात काय हाय, काय न्हाई, आईला काय सांगशील? पोरं खो खो हसतात आणि शेवटी एकमेकांचं खातात. याला शिक्षण म्हणायचं! मी इकडे निजामाच्या काळातली जमीन महसुलाची व्यवस्था सांगतोय, आणि तिकडे चटणी जिंकली.

त्या संध्याकाळी तिने विचारलं, “तुमच्याकडं किती झाले?”

“यादी वाचता येत नाही का तुला?” मी म्हणालो. ती गप्प बसली. तिचं ते गप्प बसणंसुद्धा मला आवडलं नाही. जिंकलेल्या माणसाला गप्प बसायला काय जातं?

कॉलेजचं वेळापत्रक मी करतो. ते किचकट काम दुसरं कुणी घेत नाही म्हणून माझ्या गळ्यात पडलं आहे. निवडीचे सगळे विषय एकाच वेळी, अकरा वाजता ठेवायचे, ही दरवर्षीची पद्धत. रविवारी मी तक्ता मांडून बसलो आणि माझा विषय अकराला ठेवला. तिचा ठेवला सव्वाचारला, सगळ्यात शेवटी. जळकोटची एसटी साडेचारला सुटते. तिच्याकडची निम्मी पोरं त्याच रस्त्यावरच्या गावांची, पासवर येणारी. ती गाडी चुकली की पुढची सहा वाजता, आणि गावात पोचेपर्यंत अंधार. पोरींच्या घरचे हे एक दिवस सोसतील, दोन दिवस सोसतील. मग पोरी विषय बदलतीलच.

हे मी चुकून केलं नाही. खोडरबरने पुसून, विचार करून केलं. शिवगंगा तेव्हा आत माझ्याचसाठी चहा टाकत होती.

सोमवारी तक्ता फलकावर लागला. बुधवारी दुपारी कार्यालयातले ईश्वरप्पा मला जिन्यात गाठून म्हणाले, “सर, अभिनंदन! सोळा पोरं तुमच्याकडं वळली. सत्तावीस झाले.”

मला वाटलं, तिथेच फुगडी घालावी. वेळापत्रकाची करामत तीन दिवसांत विसरलो, आणि माझ्या विषयाचंच वजन पोरांना कळलं असं स्वतःला पटवलं. रात्री जेवताना मी बायकोला ऐकवलंसुद्धा, “शेवटी पोरांना खरा विषय कोणता ते समजतं. चार दिवस गंमत असते.”

“तर काय,” ती म्हणाली आणि माझ्या ताटात आणखी एक भाकरी वाढली. मी दोन घास जास्त जेवलो.

दुसऱ्या दिवशी ईश्वरप्पांनी बदलाचे अर्ज माझ्या टेबलावर आणून ठेवले. नवी हजेरी करायची होती. मी नावं उतरवायला लागलो. चौथ्या अर्जाला माझं लक्ष तारखेकडे गेलं. शनिवार. मागचे तीन पुन्हा पाहिले. शनिवार. सोळाच्या सोळा अर्ज शनिवारचे होते, म्हणजे मी तक्ता लावायच्या दोन दिवस आधीचे.

अर्जावर ‘बदलाचे कारण’ असा एक रकाना असतो. पोरं तिथे ‘वैयक्तिक’ लिहून मोकळी होतात. पंधरांनी तेच लिहिलं होतं. सोळावा अर्ज सत्यम नावाच्या भोळसट पोराचा. त्याने लिहिलं होतं : ‘शिवगंगा मॅडम म्हणाल्या म्हणून.’

मी सत्यमला बोलावून घेतलं. तो दारातच उभा राहिला. मी विचारलं, “मॅडम काय म्हणाल्या?”

“काय न्हाई सर. मॅडमनी शनिवारी वर्गात विचारलं, इतिहासाला कोण कोण जातंय. नऊ पोरं कमी पडायलेत म्हणल्या.”

“आणखी?”

तो पायाच्या अंगठ्याने फरशी घासत राहिला. “म्हणल्या, सर वर्गात वहीतलं वाचून दाखवितेत, तवा झोप येती. पण त्यास्नी आपल्या उदगीरच्या किल्ल्यात घेऊन जावा. लग्न झाल्यावर सरांनी मला किल्ला दाखवला, आन् असं बोलले असं बोलले, की मला तवाच वाटलं आपुन बी शिकावं. आमी म्हणलं, मग जातो की.”

त्याला जा म्हणालो. मला लाज वाटायला हवी होती. आधी वाटला तो रागच. नऊ हवे होते, हिने सोळा पाठवले. वर देतानासुद्धा हात आखडत नाही! माझ्याकडे त्र्याऐंशी असती तर तिला मी एक तरी दिलं असतं का? उत्तर मला माहीत होतं, आणि राग त्याचाच होता.

सव्वाचारला मी तिच्या वर्गावरून गेलो. यादीत अजून सदुसष्ट नावं होती, बाकांवर तीसेक पोरं. जळकोटकडच्या पोरी पुढच्या दोन रांगांत बसायच्या, त्या रांगा रिकाम्या होत्या. फक्त सृष्टी नावाची एक मुलगी कडेला बसली होती, दप्तर मांडीवर धरून, नजर घड्याळाकडे. शिवगंगा तिला म्हणाली, “जा बाई तू. मी उद्या मधल्या सुट्टीत सांगीन तुला.” पोरगी पळत माझ्या अंगावरूनच गेली.

पाच वाजता मी गेटपाशी स्कूटर घेऊन उभा राहिलो. शिवगंगा आली, मागे बसली. रोज ती माझ्या खांद्यावर हात ठेवते. आज तिने मागची दांडी धरली.

गाडी सुरू न करताच मी म्हणालो, “उद्या तक्ता बदलतो. तुझाही तास अकराला घेतो.”

“घ्या,” ती म्हणाली. “पोरींचे लई हाल व्हायलेत.”

“तो तास सव्वाचारला मुद्दाम...” मी सांगायला लागलो.

“माहीत हाय. तक्त्याखाली सही तुमचीच हाय की. सोमवारीच बघितली.”

मी मागे वळून पाहिलं. ती रस्त्याकडे बघत होती.

“मग काल रात्री मी एवढा मिरवत होतो, तेव्हा तरी बोलायचंस.”

“बोलणार व्हते,” ती म्हणाली. “पण तुम्ही दुसरी भाकरी मागून घेतल्यावानी खाल्ली. वरीस झालं, तसं जेवला न्हवता.”