लॉरीच्या पोटातली सवत

वरात

नवरी सायकलीच्या कॅरिअरवर आडवी बांधलेली होती, झाडाच्या सालीच्या तपकिरी कापडात गुंडाळून. तिचं वजन एवढं की मागचं चाक रिमवर आलं होतं. ते चाक शेवटी माझ्याकडेच येणार, म्हणून मी फणसाखालून उठून बघितलं. फणसाची सावली हे माझं सायकलदुरुस्तीचं दुकान. समोर न्येंद्वोहाचा लोहारखाना. मधे फक्त रस्ता, त्यामुळे त्या घरात काय शिजतंय ते मला वासाआधी कळतं.

न्येंद्वोहाची जुनी ऐरण उभी चिरली होती. नवी म्हणून त्याने होइमाच्या भंगार बाजारातून एका मेलेल्या लॉरीचा अर्धा कापलेला धुरा आणला. आमच्याकडे नवी ऐरण घरात येते ती नवरी म्हणून. घरधनीण दारात उभी राहून नाचणी उधळते, एखादा म्हातारा आशीर्वाद देतो, सगळे केळ्याची दारू पितात. दुसऱ्या दिवशी ऐरण ऐरण होते आणि तिला कोणी सवत म्हणत नाही. आजकालचे लोहार तर दारात नुसते खोकतात आणि तिला आत नेतात.

न्येंद्वोहा खोकणाऱ्यांतला नव्हता. चौकात ब्येंक्याने जनरेटर लावून वेल्डिंगचं दुकान काढल्यापासून याला परंपरेचा झटका आला होता. ब्येंक्याकडे ठिणग्या होत्या, काळा चष्मा होता, रेडिओ होता. न्येंद्वोहाकडे आजोबा होते, तेही वारलेले. तेव्हा ठरलं: सगळं रीतीप्रमाणे, सगळं पुरेपूर, आणि ब्येंक्याला आमंत्रण.

भाता

न्येंद्वोहाची बायको काबासोमी. पण नावाने कोण हाक मारतं? हाकेचं नाव वेगळं असतं, ते बाळपणीच मिळतं, आणि ज्याला ते नाही तो अजून माणसांत आलेला नाही असं आम्ही धरतो. परका पाहुणा आला तरी आधी त्याला हाकेचं नाव देतात, मग बसायला स्टूल. तिचं अकीकी, न्येंद्वोहाचं अराली.

भात्यावरचा गडी मोटारसायकलवर भाडी मारायला निघून गेला तेव्हापासून भाता अकीकीच्या हातात होता.

"मला घण द्या की," ती म्हणायची.

"बाईचा हात लागला की लोखंडाला तडा जातो."

"जुनी ऐरण कुणाच्या हाताने चिरली?"

"ती म्हातारी झाली होती."

"मग मीही होतेय. त्याआधी शिकवा."

यावर तो हसायचा आणि प्यायला जायचा. तो गेला की भट्टी थंड. गिऱ्हाईक यायचं, तिच्याकडे बघायचं, इकडे तिकडे बघायचं, आणि चौकाकडे वळायचं. ती जाणाऱ्या पाठी बघत बसायची. तिला हवं होतं ते एवढंच: तो नसताना कुदळ घडवता यावी. नुसता आकार नाही, पाणी देण्यासकट. तापलेल्या पात्याला पाणी कसं द्यायचं, म्हणजे ते बुडवून टणक कसं करायचं, ते मात्र न्येंद्वोहा कोणालाच दाखवत नसे. त्याचा समज असा, की साऱ्या मुलखाचं लोखंड त्या एका गुपितावर उभं आहे.

काकांचं भाषण, मधल्या आवाजांसह

"ही मुलगी आज या घरात आली," न्येंद्वोहाचे काका तिंकासिमिरे म्हणाले. (लॉरीखालून आली, मागून कोणीतरी.) "गप्प बसा रे. मुलगी कुठली?"

"जपानची," न्येंद्वोहा म्हणाला.

"लांबची आहे. रुसून माहेरी जायची भीती नाही." (हशा. काका थांबले, प्यायले, पुन्हा सुरू झाले.) "हिच्या पोटी कुदळी येवोत. विळे येवोत. सुऱ्या येवोत." (आणि पंक्चर, हा मी.) "अकीकी, उधळ नाचणी."

अकीकीने नाचणीची टोपली कमरेवर घेतली. उधळली नाही.

"काका, घरात माणूस घ्यायचं तर आधी विचारलेलं बरं. मी थोरली ना?"

"थोरलीच."

"धाकटीने कुणाच्या हाताखाली काम करायचं?"

"तुझ्या. दिवसभर. रीतच आहे."

"आणि नवरा?"

"नवऱ्याची पाळी रात्री," काका म्हणाले, आणि बायका तोंडावर हात ठेवून हसल्या.

"तिची पोरं?"

"पहिली आई तूच."

"हे सगळं हिला लागू? का नुसतं म्हणायचं म्हणून म्हणताय?"

काकांनी न्येंद्वोहाकडे बघितलं. न्येंद्वोहाने गर्दीच्या कडेला बघितलं. तिथे ब्येंक्या उभा होता, काळा चष्मा कपाळावर चढवून, आणि दातांत कॉफीची बी चघळत मजा बघत होता. त्याच्यासमोर न्येंद्वोहाला मोठं व्हायचं होतं, आणि भोपळ्यातली दारू संपत आली होती.

"माझ्या घरात नुसतं म्हणायच्या गोष्टी नसतात," तो म्हणाला. "सगळं लागू. आणि ऐका सगळे. आजपासून हिला हाक मारायची अब्वोली."

ऐरणीला नवरी आम्ही सगळेच म्हणतो. पण हाकेचं नाव आजवर कोणी दिलं नव्हतं. ते एकदा दिलं की दिलं. माणूस मेलं तरी ते परत घेत नाहीत. काका हातातला भोपळा तसाच धरून उभे राहिले, जणू कोणी त्यांच्या देखत खळ्याला काडी लावली.

अकीकीने नाचणी उधळली. खूप उधळली. कोंबड्यांचं भलं झालं.

सकाळ

ठण.

(मोठी पोकळी.)

ठण. ठण.

ही न्येंद्वोहाची ठोकणी नव्हती. त्याची ठोकणी पाण्यासारखी वाहते, मधे घण ऐरणीवर नुसता उड्या मारत विसावतो. ही ठोकणी म्हणजे अंधारात दार शोधणारा माणूस.

न्येंद्वोहा डोकं धरून बाहेर आला. भट्टी पेटलेली. भात्यावर अकीकीची बहीण. ऐरणीवर लॉरीच्या स्प्रिंगच्या पाट्याचा लाल तुकडा, आणि घण अकीकीच्या हातात.

"ठेव तो खाली."

"सावकाश बोला, अराली. अब्वोली नवी आहे, घाबरेल."

"अकीकी, ही चेष्टा पुरे."

"कसली चेष्टा? धाकटी थोरलीच्या हाताखाली काम करतेय. दिवस माझा, रात्र तुमची. रात्री या, मी अडवणार नाही."

"रात्री कुदळी घडवू?"

"नवराबायकोत काय घडतं ते मी कशी विचारू?"

तो रस्ता ओलांडून माझ्याकडे आला. "ऐकलंस?"

"मी काही ऐकत नाही," मी म्हणालो. "मी ट्यूब चिकटवतोय."

काका, दुसऱ्यांदा

काका आले तेव्हा त्यांना भाषण नको होतं, सावली हवी होती. फणसाखाली बसले, पाय पसरले.

"सोडून दे धाकटीला," त्यांनी न्येंद्वोहाला सुचवलं. "माहेरी पोचव."

"भंगारवाल्याकडे?"

"माहेर आहे तिचं."

"आणि मी कशावर घडवू?"

"मग नांदव."

"काका, ती ऐरण आहे. तुम्ही जाऊन अकीकीला सांगा, ते सगळं नुसतं बोलायचं होतं."

काकांनी लोहारखान्यात जाऊन ते सांगितलं. मी पाना हातात घेऊन मागून गेलो, पाना परत करायला. तो माझाच होता.

"नुसतं बोलायचं होतं?" अकीकी म्हणाली. "मग दारू नुसती प्यायची होती? हाकेचं नाव दिलं तेही नुसतं? मग काका, तुम्हाला गाव अपूली म्हणून हाक मारतं, तेही नुसतंच का? चौकात विचारून येऊ?"

काकांनी ऐरणीकडे पाहिलं. मग अगदी सावध, सुनेच्या खोलीत चुकून शिरलेल्या सासऱ्यासारखे, ते मागे सरकले.

"बरी आहेस ना, अब्वोली?" ते ऐरणीला म्हणाले, आणि घरी गेले. त्या दिवसापासून न्येंद्वोहाने काकांकडे जाणं सोडलं.

तीच गोष्ट, दारूच्या गुत्त्यात

न्येंद्वोहाने सांगितलं की हे सगळं त्याने ठरवूनच केलं. त्याला आराम हवा होता. शहाणा माणूस दोन बायकांत भांडण लागू देत नाही, त्यांना एका कामाला जुंपतो. ऐकणारे मान डोलवत होते. मग कोपऱ्यातून ब्येंक्याने विचारलं, "आणि रात्री? थंड असते का रे ती?" न्येंद्वोहाने ही ओळ गोष्टीतून गाळली. गोष्ट सांगतो तेव्हा अजूनही गाळतो.

पोरं

आता खरं सांगायला हवं. अकीकीची पोरं भयानक निघाली.

इतकी वर्षं भाता ओढून तिला वाटलं होतं, हात आपोआप शिकले असतील. नव्हते शिकले. पहिली कुदळ केळ्यासारखी वाकडी. दुसरी जळून चावलेल्या पेरूसारखी कडेला खाल्लेली. तिसरीचा गळा इतका बारीक की तिला दांडा घालायचा का माळ, कळेना. न्येंद्वोहा दारात स्टूल टाकून बघायचा. त्याचे ते सगळ्यात आनंदाचे दिवस.

"कुणावर गेलंय हे?" कुदळ उचलून तो विचारायचा.

"बापावर. उभं राहत नाही," ती म्हणायची, आणि पुन्हा निखाऱ्यात घालायची.

तिच्या हातांना फोड आले, ते फुटले, त्यावर नवे आले. संध्याकाळी ती ताटातली नाचणीची उकड मुठीत धरू शकत नव्हती. बहिणीने भाता सोडला. अकीकीने सोडलं नाही, भाताही तीच ओढू लागली. आणि हळूहळू ठोकणीतली पोकळी कमी झाली. एक कुदळ सरळ आली. नीट, सरळ, गळ्यापासून धारेपर्यंत. ती तिने स्वतःच लाल तापवली आणि आख्खीच्या आख्खी बादलीत बुडवली. मग गिऱ्हाईक म्हणून आलेल्या म्हाताऱ्या काबाहेंडाला दिली.

न्येंद्वोहाने ते बघितलं. स्टुलावरून उठला नाही. मला हेही सांगावं लागेल की त्याला काय होणार ते माहीत होतं.

तक्रार

काबाहेंडा दुसऱ्या दिवशी आली ती दोन्ही हातांत अर्धी अर्धी कुदळ घेऊन.

"दगडाला लागली आणि काचेसारखी तुटली," ती म्हणाली. "आई कुठेय हिची?"

न्येंद्वोहा स्टुलावरून म्हणाला, "मी आहे ना."

"तुझ्याशी बोलायला आले नाही, अराली. पोराची तक्रार आईकडे करतात. बाप कशाला हवा मधे? बापाने केलंय काय?"

अकीकी पुढे आली. तिने दोन्ही तुकडे हातात घेतले, तुटलेली कड अंगठ्याने चाचपली. तिचा चेहरा मी पहिल्यांदा तसा बघितला, विझलेला.

"आता काय करायचं?" काबाहेंडा म्हणाली. "चौकात ब्येंक्या म्हणाला, दे इकडे, आत्ता चिकटवून देतो. म्हणाला, त्या घरातलं पुढचंही सगळं माझ्याकडेच आण, मी बसलोच आहे. पण म्हटलं तुमचंच आहे, आधी दाखवावं."

न्येंद्वोहा उठला. स्टूल मागे पडलं.

"कोण चिकटवणार?"

"ब्येंक्या."

"माझ्या ऐरणीवरचं?"

"तुझ्या बायकोच्या पोटचं," काबाहेंडा म्हणाली.

मी त्या माणसाला रागात पाहिलंय, दारूत पाहिलंय, आजोबांची शपथ घेताना पाहिलंय. असा पाहिला नव्हता. त्याच्या कारखान्यातली तुटकी कुदळ ब्येंक्या चौकात उचलून दाखवतोय, रेडिओ चालू आहे, सगळे हसतायत: हे सगळं त्याच्या डोळ्यांसमोरून गेलं असणार. त्याने अकीकीच्या हातातून तुकडे ओढले आणि कोपऱ्यात भिरकावले.

"नवा पाटा काढ," तो तिला म्हणाला. "घडव. मी भाता ओढतो."

तिने घडवली. तो सतत बोलत होता: लवकर, उलट, कडेला नाही, हात झोपलाय का, सांडशी घट्ट धर. भात्याच्या काठ्या त्याने कित्येक वर्षांत धरल्या नव्हत्या, धाप लागली, तरी बोलणं थांबेना. कुदळ तयार झाली. पुन्हा तापली. लाल झाली.

"थांब," तो म्हणाला. "आख्खी बुडवायची नाही. कालचा गाढवपणा करू नकोस."

"मग कशी?"

तो बादलीकडे बघत राहिला. काबाहेंडा तंबाखू चोळत बसली होती, तिला घाई नव्हती. कुदळ थंड होत चालली होती. अकीकीने ती पुन्हा निखाऱ्यात घातली आणि वाट बघत उभी राहिली. तिला गप्प राहायचं कुठे ते कळत होतं.

"इकडे ये," न्येंद्वोहा शेवटी म्हणाला. "जवळ ये. नुसती धार. बघ."

मीही पुढे सरकलो. इतक्या वर्षांत एवढी चांगली संधी आली नव्हती.

"तू कुठे?" त्याने मान वळवून मला विचारलं.

"बघतोय."

"घरच्यांचं चाललंय. फणसाखाली जा."

मी गेलो. तिथून फक्त चर्र आवाज ऐकू आला, थोडी वाफ दिसली, आणि अकीकीचा आवाज.

"पुन्हा दाखवा. घाईत दाखवलंत."