मावशीच्या खिशातला तापमापक

मित्रांनो, मी एक जुना तापमापक आहे. ताप आल्यावर तुमच्या काखेत ठेवतात तो नव्हे. माझी वीतभर लांब पोलादी सुई आहे आणि वर घड्याळासारखी गोल तबकडी. माझं काम मासे टोचायचं. आधीच सांगून टाकतो, मी स्वभावाने जळकुकडा आहे. पुढचं ऐकून तुम्ही नाक मुरडलंत तर तो दोष माझा, मावशीचा नाही.

ज्या कारखान्यात मी जन्मलो तिथे एका ट्रेमध्ये आम्ही शंभर भावंडं होतो. माझ्या शेजारच्याची तबकडी माझ्याहून चकचकीत होती, हे मला अजून आठवतं. तो कुठे गेला कोण जाणे. मी आलो विमानतळाजवळच्या एका शेडमध्ये. इथे सकाळी बंदरावरून ताजे मासे येतात. ते धुतात, वजन करतात, थर्माकोलच्या पेट्यांत बर्फाच्या पिशव्यांबरोबर नीट निजवतात आणि दुपारच्या विमानाने परदेशी पाठवतात. दुसऱ्या दिवशी तिकडच्या दुकानात ते मांडलेले असतात. एवढ्या प्रवासात मासा शून्य ते दोन अंशांतच राहायला हवा. त्यापेक्षा तापला की तो मऊ पडतो आणि घेणारा पेटी परत न पाठवता सरळ फेकून देतो.

म्हणून पेटीवर झाकण बसण्याआधी मावशी यायची. रबरी बूट, स्वेटरवर एप्रन आणि एप्रनच्या वरच्या खिशात मी. तिला शेडमधले सगळेच मावशी म्हणतात, खुद्द मालकसुद्धा, जरी तिथे काम करणारी तिची खरी भाची एकच आहे. मावशी माझी सुई माशाच्या डोक्यामागच्या जाड भागात खुपसायची, तबकडीवरचा काटा स्थिर होईपर्यंत थांबायची आणि मोठ्याने म्हणायची, एक अंश. की धडाधड झाकणं बसायची. माझ्या शब्दाशिवाय एक पेटी हलत नसे. सोळा वर्षं हा मान माझा होता.

तरीही माझ्या पोटात दुखायचंच. मी ज्याला टोचायचो तो मासा संध्याकाळपर्यंत समुद्र ओलांडायचा. मेलेला मासा विमानात बसतो आणि मी, धडधाकट, खिशात. गोठवलेल्या कोळंबीचा तर तोरा विचारूच नका, तिच्याबरोबर धूर सोडणारा कोरडा बर्फ जायचा. मी मात्र शेडच्या दारापलीकडे कधी गेलो नाही.

मग तो आला. मालकांनी एक दिवस काडेपेटीएवढी पांढरी डबी टेबलावर ठेवली. तिला लॉगर म्हणतात. बटण दाबलं की हिरवा दिवा लुकलुकतो आणि दर दहा मिनिटांनी ती आजूबाजूचं तापमान आपल्या पोटात नोंदवते. पेटीत माशांशेजारी बसून ती विमानाने जाते. तिकडे पोहोचल्यावर संगणकाला जोडली की सारा प्रवास सांगते, कुठे ऊन लागलं, कुठे वेळ गेला, सगळं. मी तिचं नाव चहाडखोर ठेवलं.

भाचीने ती कशी चालवायची ते मावशीला शिकवलं. मावशी चष्मा लावून, जीभ दातांत धरून शिकली. माझ्याकडे तिने कधी एवढं निरखून पाहिलं नव्हतं. त्यातच मालक म्हणाले की आता मासे टोचणं बंद, घेणाऱ्याला भोक पडलेला मासा आवडत नाही. माझा नुसता तिळपापड झाला. मावशीने मला पुसलं आणि टेबलाच्या खणात ठेवलं. तिथे जुनी पेनं होती आणि चिकटपट्टीची रिळं. दिवसातून दहा वेळा कोणीतरी खण ओढायचं, रीळ घ्यायचं आणि काम झालं की माझ्यावर फेकायचं. मी फटीतून बाहेर पाहत बसायचो आणि चहाडखोराच्या नावाने बोटं मोडायचो.

असाच एक सकाळचा प्रहर होता. चाळीस पेट्या जायच्या होत्या. ऐन घाईत लॉगर चालू करायचं राहू नये म्हणून मावशीने चहाच्या वेळीच बटण दाबलं, हिरवा दिवा पाहिला आणि डबी टेबलावर ठेवली. मग ती पेट्यांवर चिठ्ठ्या चिकटवायला बसली. मासे आत शीतगृहात बर्फात होते. डबी मात्र बाहेर, गरम कपाशेजारी. ती उकाडा मोजत होती आणि तो माशांच्या नावावर लिहीत होती. हे फक्त मला कळत होतं.

मित्रांनो, इथे मला खरं बोलायला हवं. मला तोंड नाही, म्हणून मी गप्प राहिलो असं मी सांगू शकलो असतो. पण तोंड असतं तरी मी गप्पच राहिलो असतो. माझ्या मनात आनंदाच्या उकळ्या फुटत होत्या. दीड तासाने मावशीने डबी उचलली, एका पेटीत घातली आणि झाकण लावलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी फोन आला. मालकांनी तो सगळ्यांना ऐकू येईल असा लावला. तिकडचा माणूस शांतपणे सांगत होता की नोंदीप्रमाणे हा मासा दीड तास सव्वीस अंशांत होता, चाळीसही पेट्या टाकून द्याव्या लागतील आणि पुढचा माल त्यांना नको. मालकांचा चेहरा पडला. निघताना मासा थंड होता याचा काही पुरावा आहे का, असं मालकांनी सगळ्यांना विचारलं. कोणाकडे नव्हता. असं काम ज्याच्या हातून झालं त्याला उद्यापासून इथे जागा नाही, असंही ते म्हणाले.

भाची मावशीच्या कानाशी लागली.

"मावशी, डबी बिघडलेली होती म्हणून सांग. कोण बघायला येतंय?"

मी खणात ताठ झालो. म्हण, म्हण, माझ्या बाई, मला एवढंच ऐकायचं होतं.

"नाही गं. तिला जिथे ठेवलं तिथलं तिने लिहिलं," मावशी म्हणाली. मग ती फोनजवळ गेली. "चूक माझी आहे, साहेब. डबी मीच बाहेर टेबलावर चालू केली. मासे बर्फातच होते. तुम्ही हात लावून बघा, मग काय ते ठरवा."

तिकडच्या माणसाने थोडा विचार करून तपासायचं कबूल केलं.  तासभर मावशी आजच्या पेट्यांच्या चिठ्ठ्या पुन्हा पुन्हा सरळ करत होती. माझा आनंद कुठल्या कुठे गेला होता. चहाडखोराची फजिती व्हावी म्हणून मी देव पाण्यात ठेवले होते आणि पाण्यात चालली होती मावशी.

फोन पुन्हा वाजला. त्यांनी सुईचा तापमापक घालून सात पेट्यांतले मासे पाहिले होते. सगळे एक अंश. माल ठेवून घेतला होता. मालकांनी मोठा श्वास सोडला आणि मावशीला म्हणाले की आता घरी जायचं नाही, कामाला लागायचं आणि यापुढे लॉगर शीतगृहातच चालू करायचा. शिवाय पुरावा हवा म्हणून जुनी सुईही रोज वापरायची, एखाद्या माशाला भोक पडलं तरी चालेल. तिकडच्या त्या सुईचं सगळ्यांनी फार कौतुक केलं. खरं सांगू, मला तिचाही हेवा वाटला.

मग मावशीने खण उघडला. मला वाटलं, आता माझे दिवस आले. तिने एका पेल्यात बर्फाचा चुरा घेतला, त्यात पाणी ओतलं आणि मला त्यात उभं केलं. अशा पाण्यात खऱ्या तापमापकाने शून्य दाखवायला हवं. मी फुशारकीने काटा हलवला आणि थांबलो.

मी चार दाखवत होतो.

रिळांच्या माराने माझा काटा कधी सरकला मला कळलंच नव्हतं. त्या सकाळी मावशीने मलाच विचारलं असतं तर एक अंशाच्या माशाला मी छाती फुगवून पाच म्हणालो असतो. चांगले मासे कचऱ्यात गेले असते. त्या दिवशी कोणी मला विचारलं नाही म्हणून मावशी वाचली.

मावशी रागावली नाही. तिने छोटा पाना आणला, तबकडीमागचा नट हळूहळू फिरवला आणि काटा शून्यावर आणला. "इतके महिने तुला पाहिलं नाही, तेही माझंच चुकलं," ती म्हणाली.

मित्रांनो, घरातली जुनी वस्तू खणात टाकून विसरू नका. तिला अधूनमधून बाहेर काढा, पुसा आणि ती अजून खरं सांगते का तेही तपासा. आणि दुसऱ्याचं बरं बघून तुमच्या पोटात दुखू लागलं, तर आधी स्वतःला बर्फाच्या पाण्यात उभं करा. मला हे उशिरा कळलं. मी आता पुन्हा मावशीच्या खिशात असतो. रोज दुपारी चहाडखोर विमानाने जातो आणि रोज मला थोडं जळायला होतं. पण झाकण बसताना मी त्याला मनातल्या मनात सांगतो, जे असेल तेच लिही रे बाबा, माझी मावशी तुझ्या शब्दावर अवलंबून आहे.