हवेला मार्क

काल्हेरच्या हवेला मार्क देणार म्हणे! पुतळाबाईच्या तळपायाची आग मस्तकात गेली. ज्या हवेत पिढ्यान्‌पिढ्या नांदल्या तिची परीक्षा? आणि घेणार कोण, तर ठाण्याच्या कुठल्याशा कंपनीची कालची पोर. फिरायला येणाऱ्याला इथे किती उकडेल, घाम किती येईल, वारा लागेल की नाही, सगळं मोजून ती शंभरपैकी आकडा काढणार होती.

पण म्हातारीने राग गिळला. खाडीकाठचं हे एकच शेत उरलं होतं, बाकीच्यावर गोदामं उभी राहिली. मुलगा प्रितम म्हणाला होता, "मार्क चांगले पडले तर पाहुन्यांसाठी खोल्या बांधू. न्हायतर हे पन गोदामवाल्याला."

मे महिन्यात धम्मदिनाने, म्हणजे त्या पोरीने, शेतात खांबावर एक पांढरी पेटी बसवली. आत तापमान आणि दमटपणा मोजायची यंत्रं होती. पेटी भर उन्हात तापताना बघून पुतळाबाईला राहवेना. गावाची अब्रू तिच्यात! माठाला गुंडाळतात तसं तिने पेटीला ओलं गोणपाट गुंडाळलं आणि सकाळ-दुपार पाणी मारलं. गार हवेला मार्क जास्तच मिळणार ना?

महिन्याने धम्मदिना आली आणि गोणपाट बघून तिने कपाळाला हात लावला.

"मावशी, हे काय केलंत? याने गारवा आला, पण दमटपणा भलताच चढला. या आकड्यांवर तर काल्हेर नापास! पेटीला पाणी लावू नका म्हणून पहिल्याच दिवशी सांगितलं होतं मी."

"कोनाला?"

"प्रितमदादांना."

पुतळाबाईने वळून पाहिलं. प्रितम खाडीकडे बघत उभा होता. परवा तर बादली त्यानेच भरून दिली होती!

"आये, गोदामात पैसा हाय," तो पुटपुटला. "हवेला कोन इचारतो?"

"मी चुकले ती अडाणी म्हनून. तू जानून चुकू दिलंस मला, मेल्या!" गोणपाट ओढून तिने त्याच्या पायाशी फेकलं.

"बाय, पेटी परत लाव. हवा नापास व्हायची तर खरी नापास होऊ दे." मग ती प्रितमकडे वळली. "आनि त्या गोदामवाल्याला जाऊन सांग, जमीन म्हातारीच्या नावावर हाय. म्हातारी अजून जित्ती हाय."